चुकीची नोंद खोडायची नसते

मेलबर्नचे क्रिकेट मैदान मराठी रसिकांना परके नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये पायाच्या दुखापतीची पर्वा न करता कपिल देव यांनी पाच गडी बाद करून भारताला कसोटी जिंकून दिली, ती याच मैदानावर. आणि डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणे यांनी कर्णधार म्हणून ११२ धावांची संस्मरणीय खेळी केली, तीही येथेच. परंतु क्रिकेटचा मोसम संपला, की तेथील थंडीच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा असताना, हे मैदान एका वेगळ्याच खेळाने दुमदुमून जाते. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हे त्या खेळाचे नाव. १८५८ साली स्थापन झालेला मेलबर्न फुटबॉल क्लब हा या खेळातील सर्वांत जुन्या संघांपैकी एक, आणि हे मैदान त्याचे घर.

या क्लबकडून खेळलेल्या जिम स्टाइन्स या खेळाडूच्या आयुष्याविषयी आज लिहावेसे वाटते. बँकेच्या नियतकालिकात दूरदेशीच्या फुटबॉलपटूची कथा कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की ज्या दोन गोष्टींशी आपला, ग्राहकांचा आणि कर्मचाऱ्यांचा, रोजचा संबंध येतो, त्या दोन्ही या चरित्रात ठळकपणे दिसतात. एक म्हणजे चूक आणि दुसरी म्हणजे कर्ज. चुकीला शिक्षा जरूर व्हावी. पण शिक्षा चुकीला व्हावी, माणसाला कायमचे निकालात काढू नये, असे माझे मत आहे. या मताला स्टाइन्स यांच्या आयुष्याइतका सबळ पुरावा मला अन्यत्र क्वचितच आढळला.

डब्लिनचा मुलगा

जिम स्टाइन्सचा जन्म १९६६ सालचा, आयर्लंडमधील डब्लिनचा. तेथे गेलिक फुटबॉल नावाचा खेळ लोकप्रिय आहे. १९८४ मध्ये डब्लिनच्या ज्या कुमार संघाने अखिल आयर्लंड विजेतेपद पटकावले, त्या संघात तो होता. त्याच सुमारास मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक रॉन बारासी यांच्या पुढाकाराने आयर्लंडमधील तरुणांना ऑस्ट्रेलियात आणून तयार करण्याचा एक प्रयोग चालला होता. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून अठरा वर्षांचा हा उंचापुरा मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचला.

गेलिक फुटबॉलचा चेंडू गोल, तर ऑस्ट्रेलियन खेळाचा अंडाकृती. असा चेंडू जमिनीवर आपटला, की कोणत्या दिशेला उसळेल याचा नेम नाही. मैदानही अंडाकृती. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू गेला तर सहा गुण आणि शेजारच्या खांबांमधून गेला तर एक. लहानपणापासून हा चेंडू हाताळणाऱ्या मुलांमध्ये जिम अर्थातच अवघडलेला दिसे. १९८६ मध्ये त्याला सराव मिळावा म्हणून प्राहरान नावाच्या दुय्यम स्पर्धेतील संघात खेळायला पाठवण्यात आले. त्या काळी हा खेळ आजच्यासारखा पूर्णवेळ व्यवसाय झालेला नव्हता. बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत. परक्या देशात, परक्या खेळात उमेदवारी करणाऱ्या या मुलाला मेलबर्नच्या मुख्य संघात स्थान मिळाले ते १९८७ साली.

एक चुकीची धाव

मेलबर्न क्लबच्या दृष्टीने १९८७ हे वर्ष भाग्याचे ठरत होते. १९६४ मध्ये विजेतेपद मिळाल्यानंतर या क्लबला बाद फेरी गाठता आली नव्हती. तब्बल तेवीस वर्षांनी ती गाठली, इतकेच नव्हे, तर संघ अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. १९ सप्टेंबर १९८७ रोजी वेव्हर्ली पार्क येथे हॉथॉर्न संघाविरुद्ध सामना होता. अखेरच्या क्षणी मेलबर्न चार गुणांनी पुढे होता. इतक्यात हॉथॉर्नच्या गॅरी बकनारा याला निर्वेध फटका मिळाला. अंतर मात्र मोठे होते. सामना संपल्याचा भोंगा वाजला. नियमाप्रमाणे आधी बहाल झालेला फटका भोंग्यानंतरही घेता येतो. पण तेवढ्या लांबून तो साधणे दुरापास्त होते.

निर्वेध फटका घेणारा खेळाडू आणि त्याच्या समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी या दोघांच्या मधून तिसऱ्या कोणी धावत जाऊ नये, असा या खेळाचा नियम आहे. जिम धावत गेला. त्यामागे कपट नव्हते. एका प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करण्याच्या भरात झालेली ती अनवधानाची चूक होती. पंचांनी पंधरा मीटरचा दंड केला. बकनारा तेवढा पुढे आला आणि त्याने चेंडू मधल्या खांबांतून धाडला. हॉथॉर्न ८०, मेलबर्न ७८. तेवीस वर्षांची प्रतीक्षा दोन गुणांनी हुकली. प्रशिक्षक जॉन नॉर्थी यांनी सामन्यानंतर जिमला कठोर शब्दांत फटकारले आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले.

पंच चुकले नव्हते. नियम सर्वांना सारखा असतो आणि त्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. प्रशिक्षकांचा संतापही समजण्यासारखा होता. परंतु क्लबने पुढे काय केले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. क्लबने त्याला संघाबाहेर काढले नाही. पुढच्या मोसमात तो पुन्हा मैदानात होता. त्याच वर्षी, १९८८ मध्ये, मेलबर्नने अंतिम सामना गाठला. तो सामना हॉथॉर्नकडून ९६ गुणांनी गमावला, हेही नमूद केले पाहिजे. परतफेड एका हप्त्यात होत नसते.

दोनशे चव्वेचाळीस

परतफेड झाली ती हप्त्याहप्त्याने. १९८७ च्या मोसमाच्या उत्तरार्धापासून १९९८ पर्यंत जिम स्टाइन्स एकही सामना न चुकवता सलग २४४ सामने खेळला. या खेळात धडका बसतात, हाडे मोडतात. त्यात तो ज्या जागी खेळे, तेथे दर वेळी उंच उडी घेऊन तितक्याच धिप्पाड प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर आदळावे लागते. अशा खेळात बारा मोसमांमध्ये पसरलेली ही अखंड हजेरी थक्क करणारी आहे. अखेर मोडलेल्या हातामुळे ही मालिका खंडित झाली. पुढे पाव शतकाहून अधिक काळ हा विक्रम कोणाला ओलांडता आला नाही. १९९३ मध्ये बरगडीच्या गंभीर दुखापतीनंतरही तो लगेच मैदानात उतरला होता. प्रत्येकाने असे करावे असे मी म्हणणार नाही. दुखणे अंगावर काढणे हा सद्गुण नव्हे. परंतु नेमून दिलेल्या ठिकाणी दर आठवड्याला उभे राहण्याची ती वृत्ती मात्र आदरास पात्र आहे.

१९९१ मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळाले. मोसमातील सर्वोत्तम आणि नियम पाळून खेळणाऱ्या खेळाडूला पंचांच्या मतांवरून दिला जाणारा हा या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक मान. आयर्लंडमध्ये वाढलेल्या खेळाडूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्याच्या हातून चार वर्षांपूर्वी देशभर गाजलेला नियमभंग घडला, त्यालाच पंचांनी हा कौल द्यावा, यातच सारे आले.

येथे एका बारकाव्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १९८७ चा तो चुकीचा सामनादेखील या २४४ सामन्यांमध्येच मोजला जातो. तो वगळला, तर साखळीच तुटते. कीर्ती आणि अपकीर्ती एकाच खात्यात नोंदलेली आहेत.

लेजरमधील एक नोंद

हे वाचताना मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातील एक प्रसंग आठवला. शाखेत संगणक यायचे होते. दोन खातेदारांची नावे जवळजवळ सारखी होती आणि एकाने भरलेली रक्कम मी दुसऱ्याच्या खात्यात जमा केली. एकूण बेरजेत फरक पडत नसल्याने संध्याकाळी ताळा व्यवस्थित जुळला आणि चूक लपून राहिली. चार दिवसांनी ज्यांची रक्कम होती त्या दुकानदारांचा धनादेश शिल्लक अपुरी म्हणून परत गेला. ते शाखेत आले तेव्हा त्यांचा चेहरा रागापेक्षा अपमानाने काळवंडला होता. चूक माझी होती. पत मात्र त्यांची गेली होती.

मी घाबरून लेजरमधील आकडा ब्लेडने खरवडू लागलो. आमच्या लेखापालांनी माझा हात धरला. म्हणाले, “अहो, खोडू नका. चुकीची नोंद खोडायची नसते. उलट नोंद करा, खाली सही करा, आणि माझ्याबरोबर चला.” ते मला त्या दुकानदारांकडे घेऊन गेले, आणि ज्या व्यापाऱ्याला धनादेश दिला होता त्यांच्याकडेही. दोन्ही ठिकाणी मला स्वतःच्या तोंडाने चूक सांगावी लागली. तशी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही. मला वाटले, आता आपली रवानगी जावक टपालाच्या टेबलावर होणार. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्याच लेजरवर बसवले. “आता या लेजरवर तुमच्याइतका सावध माणूस शाखेत दुसरा नाही,” एवढेच ते म्हणाले.

पुढे लेजर गेले, संगणकप्रणाली आली. पण तो नियम बदललेला नाही. आजही चुकीची नोंद पुसता येत नाही, उलट नोंदच करावी लागते. दोन्ही नोंदी खात्यात कायम राहतात. मला हा नियम हिशेबापुरता मर्यादित वाटत नाही. माणसाच्या आयुष्यालाही तो लागू पडतो.

क्लबचे कर्ज

१९९८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, २६४ सामन्यांनंतर स्टाइन्स निवृत्त झाले. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्याची ही एक कठोर बाजू आहे. इतर क्षेत्रांत ज्या वयात माणूस नुकता स्थिरावतो, त्या वयात त्याची कारकीर्द संपते. स्टाइन्स यांनी मात्र आपल्या दुसऱ्या डावाचा पाया खेळत असतानाच घातला होता. १९९४ मध्ये चित्रपट दिग्दर्शक पॉल करी यांच्यासह त्यांनी ‘रीच’ ही किशोरवयीन मुलामुलींसाठी काम करणारी संस्था उभी केली. मुलांना एकत्र बसवून त्यांना आपली भीती, आपले अपयश यांविषयी मोकळेपणाने बोलते करणे, हा तिच्या कार्यशाळांचा गाभा. अपयशाविषयी बोलण्याचा अधिकार स्टाइन्स यांनी रीतसर कमावलेला होता, असेच म्हणावे लागेल.

इकडे मेलबर्न क्लबची आर्थिक स्थिती खालावत चालली होती. १९९६ मध्ये तर हॉथॉर्नमध्ये त्याचे विलीनीकरण करण्याचा प्रस्ताव आला होता. मेलबर्नच्या सभासदांनी तो मान्य केला, हॉथॉर्नच्या सभासदांनी फेटाळला. म्हणून क्लब वाचला. २००८ च्या मध्यावर स्टाइन्स यांनी अध्यक्षपद स्वीकारले, तेव्हा क्लबच्या डोक्यावर सुमारे पन्नास लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचे कर्ज होते.

त्यांनी सर्वप्रथम काय केले असेल, तर ते कर्ज लपवले नाही. उलट मोहिमेचे नावच ‘कर्ज जमीनदोस्त करा’ अशा अर्थाचे ठेवले. आकडा समर्थकांपुढे उघडपणे मांडला आणि प्रत्येकाला आपापला वाटा उचलण्याचे आवाहन केले. पहिल्याच मोठ्या निधिसंकलन समारंभात दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. ऑगस्ट २०१० मध्ये, म्हणजे सुमारे दोन वर्षांत, क्लब कर्जमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

या दोन वर्षांत स्टाइन्स यांच्यावर आणखी एक संकट कोसळले होते. २००९ च्या मध्यावर त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. रोग मेंदूपर्यंत पोहोचला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. मध्यंतरी जबाबदारी थोडी हलकी करून घेतली, तरी अध्यक्षपद त्यांनी सोडले ते फेब्रुवारी २०१२ मध्ये. २० मार्च २०१२ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्हिक्टोरिया राज्याने त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला. मेलबर्नमधील यारा नदीवरच्या एका पादचारी पुलाला आज त्यांचे नाव आहे.

ही कथा येथे संपवली, तर ती फार गोड होईल आणि म्हणून अपुरी राहील. कर्ज फिटले म्हणून संघ जिंकू लागला नाही. जुलै २०११ मध्ये मेलबर्नचा जिलाँग संघाकडून १८६ गुणांनी पराभव झाला, आणि तो स्टाइन्स अध्यक्ष असतानाच. २००९ च्या मोसमातील क्लबच्या वर्तनाची पुढे चौकशी होऊन २०१३ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी क्लबला पुन्हा लीगच्या आर्थिक मदतीचा आधार घ्यावा लागला. विजेतेपद मिळाले ते २५ सप्टेंबर २०२१ रोजी, पर्थ येथे. १९६४ नंतर सत्तावन्न वर्षांनी. त्या संघाचा कर्णधार मॅक्स गॉन हा स्टाइन्स यांच्याच जागी खेळणारा उंच खेळाडू, आणि तो क्लबमध्ये दाखल झाला होता २००९ साली, स्टाइन्स अध्यक्ष असताना. लावलेल्या झाडाची फळे लावणाऱ्यालाच चाखायला मिळतात असे नाही.

आपल्यासाठी

या कथेवरून काही गोष्टी आग्रहाने मांडाव्याशा वाटतात. पहिली कर्मचारी बांधवांसाठी आणि विशेषतः अधिकाऱ्यांसाठी. चूक आणि लबाडी यांत भेद केलाच पाहिजे. अफरातफर करणाऱ्याला दुसरी संधी द्यावी, असे मी म्हणत नाही. तेथे कायद्याने आपले काम करावे. परंतु घाईने, अज्ञानाने, कामाच्या ओझ्याखाली चुकलेल्या तरुण सहकाऱ्याला आपण अनेकदा लबाडाच्याच पंक्तीला बसवतो. मग तो पुढची चूक सांगत नाही, लपवतो. जेथे चूक सांगण्याची सोय नसते, तेथे चुका कमी होत नाहीत. त्या केवळ उशिरा उघडकीस येतात, आणि तोवर त्यांची किंमत भलत्याच निरपराध ग्राहकाला मोजावी लागते.

दुसरी गोष्ट ग्राहकांसाठी. धंद्यात खोट येते, पीक हातचे जाते, नोकरी सुटते आणि कर्जाचा हप्ता थकतो. अशा वेळी बहुतेक जण शाखेसमोरून जाणेही टाळतात, फोन उचलत नाहीत. हे स्वाभाविक असले, तरी हिताचे नाही. पहिला हप्ता थकण्यापूर्वीच शाखेत येऊन आपली अडचण सांगणाऱ्यासाठी मार्ग काढणे सोपे असते. सहा महिन्यांनी तेच काम अवघड होऊन बसते. आकडा उघड करणे ही परतफेडीची पहिली पायरी होय.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. पत म्हणजे कधीही न चुकण्याची कीर्ती नव्हे. तशी कीर्ती बहुधा ज्यांनी काही केलेच नाही त्यांच्याच वाट्याला येते. चुकल्यानंतर माणूस किती वेळा आणि किती नेमाने पुन्हा उभा राहिला, यावर पत ठरावी. आरंभी अजिंक्य रहाणे यांच्या खेळीचा उल्लेख केला. त्याच्या आधीच्याच ॲडलेडच्या कसोटीत त्यांच्या चुकीच्या हाकेमुळे विराट कोहली धावबाद झाले होते आणि दुसऱ्या डावात भारताचा संघ ३६ धावांत गारद झाला होता. पुढच्याच आठवड्यात मेलबर्नमध्ये संघाची धुरा रहाणे यांच्याकडे होती. एका हाकेवरून त्यांची योग्यता ठरवली गेली असती, तर ते शतक झालेच नसते.

माझ्या त्या लेखापालांना हे खेळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते लेजर पुन्हा माझ्यासमोर ठेवले, तेव्हा क्लबने जिम स्टाइन्सच्या बाबतीत जे केले, तेच त्यांनी माझ्या बाबतीत केले होते. सेवानिवृत्तीपर्यंत माझ्या हातून चुका झाल्याच नाहीत असे नाही. पण त्यानंतर मी एकही लपवली नाही. तुमच्या शाखेत, दुकानात वा घरात असा एखादा चुकलेला तरुण असेल, तर दंड जरूर करा. आणि मग ते लेजर पुन्हा त्याच्यापुढे ठेवा, एवढीच विनंती.